अभ्यासलेख: आसन किती उंच असावं?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



सध्या गुरुवारच्या वाचनात ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय चालू आहे. या अध्यायात आसनाच्या ओव्या येतात. दरवेळी त्या आपण भरभर वाचतो आणि पुढच्या कुंडलिनीच्या वर्णनाकडे धावतो. यावेळी बेळगावच्या केंद्रात आम्ही आसनावरच तीन गुरुवार थांबलो, कारण आसनाचा प्रश्न आमच्यासमोर अगदी खराखुरा, लाकडाचा आणि गुडघ्यांचा होऊन उभा होता. बाकीच्या गावच्या केंद्रांतही तो असणारच, म्हणून सविस्तर लिहितो आहोत.

*आधी ग्रंथात काय आहे ते*

गीतेच्या सहाव्या अध्यायात ११ व्या श्लोकात भगवंत आसनाबद्दल मोजक्याच गोष्टी सांगतात. जागा स्वच्छ असावी, आसन स्थिर असावं, फार उंच नसावं, फार सखलही नसावं. त्यावर दर्भ, मृगाजिन आणि वस्त्र. पुढे १३ व्या श्लोकात शरीर, मान आणि डोकं एका रेषेत, सरळ धरायला सांगितलं आहे. म्हणजे नुसतं टेकलं आणि झालं असं नाही, पाठ ताठ राहील असं बसता आलं पाहिजे.

माऊलींनी हा श्लोक उलगडताना आपल्या आईनं अंथरूण घालावं तसं आसन घालून दाखवलं आहे. खाली न मोडलेले कोवळे कुश, मध्ये धुतलेल्या वस्त्राची घडी, वर मृगाजिन. आणि सगळं एकसारखं, समपातळीत. मग कारण सांगतात. आसन उंच झालं तर अंग डोलेल, आणि सखल झालं तर भूमीचा दोष लागेल. आम्हाला हे कारण फार महत्त्वाचं वाटलं. उंचावर बसणं हा मोठेपणा म्हणून नको, असं इथं म्हटलेलं नाही. डोलायला होतं म्हणून नको. खाली बसणं नम्रपणाचं म्हणून हवं, असंही नाही. जमिनीची ओल, गारवा, किडामुंगी लागते म्हणून अगदी जमिनीलगतही नको. दोन्ही कारणं बसणाऱ्याच्या सोयीची आहेत, त्याचं मन टिकावं म्हणून सांगितलेली. पतंजलींनीही आसनाला दोनच गोष्टी लावल्या: ते स्थिर असावं आणि सुखाचं असावं.

*आमच्याकडे काय झालं होतं*

आपल्या केंद्रात नियमित येणाऱ्यांत साठी-सत्तरीच्या पुढच्या निम्म्या तरी आहेत. त्यातल्या चार आजींचं येणं गेल्या दिवाळीपासून कमी कमी होत गेलं. विचारलं तर "बरं नाही गं", "पाहुणे होते", "पाऊस होता" अशी उत्तरं. एकीनं मात्र सरळ सांगितलं, "बसलं की उठता येत नाही. दोघींनी धरून उठवायचं, आरतीच्या वेळी सगळ्यांनी बघायचं. नको वाटतं."

खुर्च्या होत्या की! प्लास्टिकच्या पाच-सहा खुर्च्या मागे दाराजवळ, चपलांच्या शेजारी. तिथं बसलं की वाचन नीट ऐकू येत नाही, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय लागतात, आणि गुळगुळीत फरशीवर उठताना खुर्ची मागे सरकते. बरं, पुढे आणून बसायचं तर महाराजांच्या पादुकांपेक्षा आपण उंच. "एवढी वर्षं चरणांपाशी बसले, आता त्यांच्या डोक्यावर बसू?" हे त्या आजींचंच म्हणणं. चाळीस वर्षं ज्यांनी केंद्रात सतरंज्या घातल्या आणि काढल्या, त्या शेवटच्या रांगेत चपलांपाशी, नाहीतर घरीच. हे काही बरं नव्हतं.

त्याच वेळी केंद्राच्या जुन्या कौलारू सोप्याचं छप्पर उतरवून स्लॅबचं काम निघालं. तुळया, वासे, रिपा, दाराच्या दोन चौकटी आणि माळ्याच्या फळ्या अंगणात रचून ठेवल्या होत्या. जुनं लाकूड घेणारा माणूस येऊन बघूनही गेला. वाळवी लागलेलं जळणाला आणि चांगलं तो नेणार, असं ठरत आलं होतं. तेव्हा आमच्यातल्या काहींनी म्हटलं, ज्या लाकडाखाली इतकी वर्षं आरती झाली त्याची निदान बसायची स्टुलं तरी करूया.

लगेच एक शंका आली, आणि ती इथं लिहायलाच हवी, कारण ती पुष्कळ घरांत असते. मोडलेल्या घराचं लाकूड शुभकार्याला चालत नाही म्हणतात. आमचं मत असं: जे लाकूड कुजलं, किडलं, ज्यावर भरवसा ठेवून बसता येत नाही, ते चालत नाही. बाकीचं चालतं. जुन्या काळी घर उतरवलं की चांगल्या तुळया आणि चौकटी दुसऱ्या घराला लागायच्याच. गावाकडे अजूनही लागतात. झाड तोडून मिळालेली वस्तू दोन पिढ्यांनी फेकून देणं हेच आम्हाला अशुभ वाटतं.

*लाकूड कसं निवडलं*

हे काम मेस्त्री मामांनी आम्हाला शिकवलं, आणि हे प्रत्येक केंद्राला उपयोगी पडेल. आपल्या भागातल्या जुन्या घरांत एकच लाकूड नसतं. चौकटी आणि फळ्या बहुतेक सागवानी, तुळयांना ऐन (मेस्त्री कानडीत मत्ती म्हणतात), मध्येच एखादा बिबळा, ज्याला ते होन्ने म्हणतात. बिबळा ओळखायची गंमत म्हणजे त्याचा भुसा काचेच्या ग्लासात पाण्यात टाकला की पाणी पिवळसर-तपकिरी होतं आणि उन्हात धरलं तर त्यात निळी झाक दिसते. मधुमेहासाठी ज्या लाकडाच्या पेल्यात रात्री पाणी भरून ठेवतात तेच हे लाकूड. पण छपराचा वासा घासून कुणी पाणी पिऊ नये, एवढं हात जोडून सांगतो.

परीक्षा सोपी आहे. हातोडीनं ठोकायचं. चांगलं लाकूड खणखणीत वाजतं, पोकळ झालेलं धप्प. मग टोच्यानं किंवा जुन्या स्क्रूड्रायव्हरनं टोचायचं, विशेषतः भिंतीत गाडलेल्या टोकाला आणि जिथं कौलं गळायची तिथं. टोक सहज आत गेलं तर तेवढा भाग कापून टाकायचा. बारीक गोल भोकं आणि त्यातून ताजी, पिठासारखी पूड गळत असेल तर कीड अजून जिवंत आहे. ते लाकूड घरात आणायचं नाही. भोकं जुनी आणि कोरडी असतील तर मेस्त्री बघून ठरवतात.

खिळे काढायचं काम आम्ही बायकांनी केलं. दोन रविवार लागले. वरून दिसणारे खिळे निघतात, पण डोकं तुटून आत राहिलेले दिसत नाहीत, आणि एक जरी राहिला तरी मशीनवर पातं तुटून उडतं. म्हणून फ्रीजवर लावायचे लोहचुंबक दोऱ्याला बांधून प्रत्येक इंचावरून फिरवले. चुंबक दोऱ्यासकट लाकडाकडे ओढला गेला की खडूची खूण. जुने चौकोनी, हातानं घडवलेले खिळे निघाले ते डब्यात वेगळे ठेवले आहेत.

दोन्ही चौकटींवर जुना हिरवा ऑइलपेंट होता, एकावर एक चार-पाच थर. इथं आम्ही हट्ट धरला. मेस्त्रींचा मुलगा ब्लोलॅम्पनं जाळून काढतो म्हणत होता. आम्ही नको म्हटलं. पूर्वीच्या रंगांत शिसं असायचं. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली, त्यामुळे त्याआधीच्या रंगाची खात्री देता येत नाही. जाळलं की शिशाचा धूर, कोरडं घासलं की शिशाची धूळ, आणि लहान मुलांच्या मेंदूला ते फार वाईट. म्हणून रंग पाण्यानं ओला करून पत्र्यानं खरवडला, तोंडाला मास्क लावले, मुलांना त्या दिवशी केंद्रात आणू नका सांगितलं आणि खरवड पिशवीत बांधून ठेवली, झाडांच्या मुळाशी टाकली नाही. ज्यांच्या घरी आजोबांचं रंगवलेलं टेबल, पाळणा आहे त्यांनीही हे ध्यानात ठेवावं.

रंधा फिरला आणि वरचा काळा-करडा थर गेला, तेव्हा आतून सोन्यासारखा सागवान निघाला. वासही तोच, नव्या कपाटाचा. इतकी वर्षं धूर आणि पाऊस खाऊन आतून तसाच! त्याचं कारणही मेस्त्रींनी सांगितलं. सागाच्या गाभ्यात स्वतःचं तेल असतं, म्हणून पाणी आणि वाळवी त्याला सहजासहजी लागत नाही. आणि नव्या लाकडासारखी ओल आत शिल्लक नसल्यामुळे जुनं लाकूड फारसं वाकत नाही. अगदीच हलत नाही असं नाही, पावसाळ्यात फळी किंचित फुगते आणि उन्हाळ्यात आवळते, त्याची सोय सांध्यात ठेवावी लागते.

इंदूर-ग्वाल्हेरच्या मंडळींकडे वाडे उतरताना असं लाकूड निघतंच, बडोद्याकडे जुन्या पोळांतल्या घरांत नक्षीदार सागवान असतो, गोव्यात जुन्या घरांच्या माळ्याला जाड फळ्या असतात. नक्षीचे खांब मात्र स्टुलासाठी कापू नका, ते जसेच्या तसे कुणाला तरी हवे असतात.

*ना उंच, ना सखल: पण कुणाच्या मापानं?*

आता मुख्य गोष्ट. पहिल्यांदा सगळ्यांच्या डोक्यात होतं ते पाटासारखं बसकं स्टूल, फार तर वीतभर उंच. पादुकांपेक्षा खाली राहील, दिसायलाही बरं. आमच्यातल्या एकीची सून फिजिओथेरपिस्ट आहे. तिनं सांगितलं, गुडघे दुखणाऱ्याला बसक्या स्टुलाचा उपयोग नाही, उलट त्रास जास्त. बैठक जितकी खाली तितका उठताना गुडघ्यावर भार जास्त. मांडी साधारण जमिनीला समांतर राहील, आणि दोन्ही तळवे पूर्ण टेकतील, इतकी उंची हवी. त्याहून उंच झालं तर पाय लोंबकळतात, मांडीखाली रग लागते, आणि माणूस पुढे-मागे हलत राहतो.

हे ऐकल्यावर आमच्यातल्या ज्या ताई वाचन करतात त्या म्हणाल्या, "अहो, हे तर माऊलींनी सांगितलंय. उंच झालं तर अंग डोलेल!" त्या गुरुवारी ही ओवी पहिल्यांदा आम्हाला नीट कळली असं वाटतं. उंच आणि सखल हे जमिनीपासून मोजायचंच नाही. बसणाऱ्याच्या अंगापासून मोजायचं. पंचविशीच्या मुलाला जमिनीवरची घोंगडी समपातळीत असेल, आजींची समपातळी सतरा इंचांवर असेल. आसन दोघांचंही शास्त्राला धरून. याच अध्यायात थोडं पुढे, १६-१७ व्या श्लोकांत, फार खाणं नको, अजिबात न खाणंही नको, झोपेचंही तसंच, असं येतं. तिथंही ताटात किती भाकऱ्या याचा आकडा दिलेला नाही. ज्याचं त्यानं बघायचं.

मग माप घेतलं. विटा आणि एक फळी घेतली, वर जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे रचून उंची कमी-जास्त केली, आणि चारही आजींना बसवून, उठवून पाहिलं. हात न टेकता किंवा एक हात टेकून उठता आलं ती उंची. दोघींना १६ इंच बरोबर बसलं, एकीला १७, आणि उंच असलेल्या एकीला १८. म्हणून दोन स्टुलं १६ ची, एक १७ चं, दोन १८ ची अशी पाच केली, म्हणजे येणाऱ्या पाहुण्यांनाही सोय.

घडण मेस्त्रींची, पण त्यातल्या चार गोष्टी मुद्दाम सांगतो, कारण बाजारातल्या स्टुलात त्या नसतात. तीन पायांचं स्टूल कसल्याही जमिनीवर डुगडुगत नाही, कारण तीन टोकं नेहमी एका पातळीत टेकतात. चार पायांचं खडबडीत जमिनीवर डुगडुगतं. तरीही आम्ही चार पाय घेतले, कारण म्हातारं माणूस कडेला झुकून उठतं आणि तीन पायांचं पटकन कलंडतं. दुसरं, पाय सरळ न ठेवता खाली थोडे बाहेर फाकवले. तिसरं, पुढच्या दोन पायांना जोडणारी खालची आडवी पट्टी ठेवलीच नाही. उठताना माणूस पाऊल मागे घेतो, पट्टी असली की टाच अडते. बळकटी बाजूच्या आणि मागच्या पट्ट्यांनी आली. चौथं, उजव्या बाजूला हात टेकायला एक बुटका दांडा, उठताना दाबायला.

सांधे खिळ्यांचे नाहीत. पट्टीला कुसू काढायचं, पायाला त्याच मापाची खाच, दोन्ही बसवून आरपार बांबूची खुंटी. वीस वर्षांनी ढिलं झालं तर खुंटी ठोकून काढता येईल, नवी मारता येईल. बसायची फळी माळ्याच्या फळीची, सव्वा इंच जाड, १५ बाय १२ इंच. ती खालून जखडताना भोकं लांबट ठेवली, म्हणजे पावसाळ्यात फळीला फुगायला जागा राहते. पायांखाली रबर.

*पादुकांची उंची*

हा वाद शेवटपर्यंत पूर्ण मिटला नाही, तो जसा झाला तसा सांगतो. वाचनाला बसणारे अण्णा म्हणाले, गुडघे दुखतात हे मान्य, पण गुरूंसमोर आसन खालचंच हवं, मर्यादा आहे ती. त्यांचं म्हणणं आम्ही उडवून लावलं नाही, कारण ती मर्यादा आपणा सगळ्यांच्याच अंगात भिनलेली आहे, आणि ती गेलेली आम्हालाही आवडणार नाही. पण कुणीतरी म्हणालं, आजी खाली जाऊ शकत नाहीत, पादुका वर जाऊ शकतात. इतके दिवस पादुकांचा चौरंग जमिनीवरच होता. उरलेल्या तुळईच्या तुकड्यांतून त्याखाली एक चौथरा केला. आता पादुका जमिनीपासून तीन फुटांवर आहेत. स्टुलावर बसलेल्या माणसाच्या गुडघ्याच्या, मांडीच्या पुष्कळ वर. मागच्या रांगेलाही दर्शन स्वच्छ होतं, हा फायदा कुणी धरला नव्हता.

स्टुलं सगळ्यात पुढे मात्र ठेवलेली नाहीत. दुसऱ्या रांगेच्या दोन्ही टोकांना ठेवली आहेत, म्हणजे मागच्यांना आडही येत नाही. एवढ्यावर अण्णा तयार झाले. ते स्वतः अजून घोंगडीवरच बसतात, आणि बसोत, त्यांचे गुडघे चांगले आहेत. चारपैकी तीन आजी आता दर गुरुवारी येतात. चौथ्या आजी अजून तयार नाहीत. त्यांच्या घरी आम्ही शनिवारी वाचन घेतो, तिथं त्या पलंगावर बसून ऐकतात.

*निगा*

स्टुलांना दोन हात जवसाच्या तेलाचे दिले, वरून आणि खालूनही. खालचा भाग कोरा ठेवला तर ओल एकाच बाजूनं शिरून फळी वाकते. दरवर्षी मिरगाच्या आधी एक हात पुरे. एक धोका लक्षात ठेवा: जवसाच्या तेलात भिजलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकली तर आपोआप तापून पेट घेऊ शकतात. ती दोरीवर पसरून पूर्ण वाळवायची, किंवा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवायची. देवघराजवळ, समयांजवळ तर अजिबात ठेवू नयेत. स्टुलं ओल्या फडक्यानं पुसायची, पाण्यानं धुवायची नाहीत.

दोन वासे आणि एक अख्खी फळी अजून शिल्लक आहे. ज्यांना केंद्रात स्टुलाची गरज आहे त्यांनी पुढच्या गुरुवारपर्यंत आपलं माप द्यावं: खुर्चीवर बसून, तळवे टेकवून, गुडघ्यामागच्या खोबणीपासून जमिनीपर्यंत किती इंच. चप्पल काढून मोजायचं. लाज वाटत असेल तर सुनेच्या नावानं पाठवा, आम्ही विचारणार नाही.

पुढच्या गुरुवारी वाचन याच अध्यायात आसनानंतरच्या ओव्यांपासून सुरू होईल.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥